अडेल घोडीची तबकडी

काकवीच्या जत्रेत फिडलच्या चढाओढीचा निकाल लागला, तेव्हा डेल्फा स्लोन अकरा जणांत अकरावी आली.

नुसती अकरावी आली असती तर तिनं ते गिळलंही असतं. अडुसष्टाव्या वर्षी बोटं पूर्वीसारखी पळत नाहीत, हे तिला कुणी सांगायला नको होतं. सव्वीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात रोज दोनशे पोरांचे घेवडे शिजवून आणि मक्याचा पाव भाजून ती बोटं चिवट झाली होती, चपळ राहिली नव्हती. पण परीक्षकांतला होबर्ट टॅकेट निकाल सांगून गप्प बसेल तर ना! फर्निचरच्या दुकानाचा मालक, तरुणपणी रेडिओवर वाजवलेला माणूस. माईक हातात आला की त्याला सोडवत नसे.

"डेल्फामावशींचा हात गोड आहे," तो सगळ्या गावासमोर म्हणाला. "पण दुसऱ्या कडव्यात दर खेपेला एक मात्रा जास्तीची घेतात. मग नाचणाऱ्यांनी पाय कुठं टाकायचा? चालायचंच, वय आहे. होऊ द्या टाळ्या!"

टाळ्या झाल्या, आणि त्याच तिला जास्त झोंबल्या.

ती मंडपाच्या मागं आली. तिथं गोड ज्वारीचा रस मोठ्या काहिलीत रटरटत होता, पोरं काठ्या बुडवून फेस चाटत होती. डेल्फानं फिडल उशीच्या अभ्र्यात कोंबलं आणि गज नंतर घालावा की आधी घालायला हवा होता यावरून स्वतःवरच चिडली. तेवढ्यात जाड भिंगांचा चश्मा लावलेला, पन्नाशीकडे झुकलेला एक परका माणूस समोर येऊन उभा राहिला.

"बाई, एक विचारू? ती जास्तीची मात्रा तुम्ही मुद्दाम घेता?"

"तुझी आई भाजीत मीठ मुद्दाम घालते, की हात सुटतो म्हणून पडतं?"

माणूस हसला नाही. उलट त्याचे कान लाल झाले, आणि त्यानं खिशातून एक वही काढली. त्याचं नाव लेनर्ड केसलर. नोकरी सिनसिनाटीला, दुधाच्या डेअऱ्या तपासण्याची. पण सुट्टी मिळाली की तो गाडी काढायचा आणि केंटकीच्या डोंगरांत घरोघरी जाऊन जुन्या तबकड्या शोधायचा. त्या वहीत त्यानं एका बुडालेल्या कंपनीच्या सगळ्या तबकड्यांची यादी उतरवून घेतली होती. ज्या सापडल्या त्यांच्यापुढं खूण होती. एका ओळीपुढं काहीच नव्हतं.

"'अडेल घोडी'," त्यानं वाचलं. "वाजवणारे, कॉडिल बंधू. १९२८. ही तबकडी आजवर आम्हा शोधणाऱ्यांपैकी एकानंही पाहिलेली नाही. मी नऊ वर्षं या दोन भावांना शोधतोय. एक ऑर्बिन, तो खाणीत गेला, एवढं कळलं. दुसऱ्या भावाचा पत्ताच लागत नाही. नुसतं 'डी. कॉडिल' एवढंच."

डेल्फानं फिडल काखेत घट्ट धरलं.

"तो दुसरा भाऊ मी," ती म्हणाली.

केसलरनं चश्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"लग्नाआधी मी डेल्फा कॉडिल. न्यूयॉर्कच्या त्या शहाण्यांना वाटलं असेल, बाई फिडल वाजवते म्हटल्यावर घेणार कोण? मला विचारलं नाही कुणी." मग ती त्याच्या जवळ सरकली आणि आवाज उतरवून म्हणाली, "आता तू मला एक सांग. तुझ्या त्या वहीत लिहिलंय का, घोडी अडते की सरळ जाते?"

"म्हणजे?"

म्हणजे काय, ते तिनं त्याला त्या काहिलीशेजारी उभ्या उभ्या सांगितलं. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं, भडाभडा.

ही धून तिला आयरा प्रॅट या म्हाताऱ्यानं शिकवली होती. चक्कीच्या ओढ्यावर त्याची पाणचक्की होती. बारा वर्षांची डेल्फा मका दळायला न्यायची, आणि दळण होईस्तोवर आयरा फिडल काढायचा. पहिल्या कडव्यात घोडी उतारावरून दौडत येते. दुसऱ्यात ओढा लागतो, आणि पाण्याच्या काठाशी घोडी अडते. एकच मात्रा. गज तिथंच थांबतो, श्वास कोंडल्यासारखा, आणि मग धबाधब पाणी उडवत घोडी पार. "ती मात्रा काढलीस तर उरतं काय?" आयरा म्हणायचा. "नुसती घोडी. नुसत्या घोड्या काय गं, सगळ्यांच्याच गोठ्यात असतात."

पुढं चोविसाव्या वर्षी ती आणि ऑर्बिन, ती फिडल घेऊन आणि तो बँजो घेऊन, ऍशलंडला गेले. कंपनीची माणसं यंत्रं घेऊन आली होती, एका दुकानाच्या वर खोली घेतली होती, भिंतींना जाडजूड ब्लँकेटं टांगली होती. जात्याच्या तळीएवढी जाड मेणाची तबकडी फिरत होती. लाल दिवा लागला की सुरू, पुन्हा लागला की संपवायचं. ऑर्बिनला इतका घाम आला होता की बँजोच्या चामड्यावर थेंब पडत होते. त्यांनी वाजवली. काय वाजवली! डेल्फाला आपले पाय जमिनीला लागल्याचं आठवत नव्हतं.

आतून साहेब बाहेर आला. "छान. पण मध्ये चुकलात, बाई."

"चुकले नाही. घोडी अडली."

"घोडी तुमच्या गावात अडू दे. तबकडीवर सरळ चालली पाहिजे. पुन्हा."

डेल्फानं ऑर्बिनकडं पाहिलं. त्याचे डोळे म्हणत होते, ताई, एवढे दोन दिवस प्रवास करून आलोय, घे की जुळवून. लहानपणापासून तो काही मागायचा तेव्हा असाच बघायचा. तिनं गज उचलला आणि मात्रा गाळून वाजवली. सरळ, गुळगुळीत.

"दोन्हींतली एक निघेल," साहेब म्हणाला. "कुठली, ते न्यूयॉर्कला ठरवतील." मेण वाजवून बघता येत नाही, वाजवलं की खराब होतं, त्यामुळं काय झालंय ते तिथं कुणीच ऐकलं नाही.

गावी परतल्यावर आयरा चक्कीच्या दारात वाट बघत उभा होता. "कशी वाजवलीस?"

"दोनदा वाजवली," डेल्फा म्हणाली.

"दोनदा का?"

ती फिडलच्या खुंट्या चाचपत राहिली. म्हातारा क्षणभर थांबला आणि चक्कीचं पाणी सोडायला आत निघून गेला. एवढंच झालं. पण त्यानंतर डेल्फा त्या घराकडं फिरकली नाही. दळण दुसरीकडं नेऊ लागली. तीन वर्षांनी आयरा वारला, तेव्हा ती मातीला गेली, सगळ्यांच्या मागं उभी राहिली आणि कुणाशी न बोलता परतली.

तबकडी निघाली खरी. कंपनीनं एक टपालानं पाठवली. पुडकं सोडलं तर चार तुकडे. ऑर्बिननं पाईनच्या डिंकानं चिकटवून बघितली, सुई ठेवली, तर घुबड गळा काढतं तसा आवाज आला आणि तुकडे पुन्हा चार दिशांना. मग मंदी आली, कंपनी बुडाली, तांब्याचे साचे म्हणे भंगारात वितळवले. एकेचाळीस साली खाणीचं छत कोसळून ऑर्बिन गेला. आणि त्याच सुमाराला होबर्ट टॅकेटच्या वाद्यवृंदानं रेडिओवर 'अडेल घोडी' वाजवायला सुरुवात केली. सरळ! तीन जिल्ह्यांतली पोरं तशीच शिकली. कुणी विचारलं की टॅकेट म्हणायचा, "मी तबकडीवरून उचलली. तबकडीत सरळच आहे."

"आणि मी त्याला खोटं म्हणू शकले नाही रे," डेल्फा केसलरला म्हणाली. "कारण खरंही असेल ते. मी वाजवलीच होती ना तशी! माझी तबकडी मी आजवर ऐकलेली नाही."

केसलरनं वहीतल्या त्या बिनखुणेच्या ओळीवर बोट ठेवलं. मग त्यानं वही मिटली. "मावशी, येत्या शनिवारी काय करताय?"

"तुझ्या गाडीत बसतेय," डेल्फा म्हणाली.

ऑक्टोबरचे चार शनिवार त्या दोघांनी डोंगर पालथे घातले. डोंगर असे लालपिवळे पेटले होते की केसलरचं लक्ष रस्त्यावरून उडायचं आणि डेल्फा त्याच्या दंडाला चिमटा काढायची. एकटा केसलर दारात गेला की लोक त्याला करवसुलीवाला समजायचे. डेल्फा बरोबर असली की दारं उघडायची, कारण निम्म्या घरांतल्या माणसांनी तिच्या हातचे घेवडे खाल्लेले.

"काय गं, तुझ्या सासूकडं भोंग्याचं यंत्र होतं ना? तबकड्या कुठायत?"

"अगं मावशी, त्या तर पोरांनी कुंपणावर ठेवून बंदुकीनं उडवल्या!"

दुसऱ्या घरी तबकड्या खुराड्याच्या छपराला ठोकलेल्या होत्या, पाणी गळू नये म्हणून. केसलर शिडीवर चढला, कोंबड्यांनी कलकलाट केला, आणि तो एकेका तबकडीवरची घाण थुंकीनं पुसत नावं वाचू लागला. खालून डेल्फा ओरडत होती, "आहे का? आहे का रे?" एका ठिकाणी ऊन लागून तबकडीची वाटी झाली होती आणि तिच्यात जिरेनियम लावलं होतं. केसलरनं रोप उपटू का म्हणून विचारलं तेव्हा घरमालकिणीनं झाडू उचलला. एका बाईनं चहाबरोबर अर्धी तबकडी आणून दिली, अर्ध्या लेबलावर "...डेल घोडी" एवढंच. केसलर ओसरीच्या पायरीवर मटकन बसला.

"म्हणजे होती!" तो म्हणाला. "खरंच होती!"

"होतीच म्हणून तर सांगतेय ना!" डेल्फाचा आवाज चढला होता. तिच्या गालांवर आलेला लाल रंग मुलीसारखा होता. चौथ्या शनिवारपर्यंत तिची अशी अवस्था झाली होती की सकाळी सहालाच ती कोट घालून ओसरीत बसायची, मांडीवर डबा: दोघांपुरता मक्याचा पाव, घेवडे, आणि ताकाची बाटली.

त्या चौथ्या शनिवारी, दुपारी, केसलरनं गाडी चक्कीच्या ओढ्याच्या पुलाआधी उभी केली.

"मावशी, या खोऱ्यातली सगळी घरं झाली. त्या पलीकडचं एक राहिलं. प्रत्येक वेळी आपण इथून गाडी वळवतो."

"तिथं नाही जायचं."

"तिथं कोण राहतं?"

डेल्फा समोर बघत राहिली. "झोना प्रॅट. आयराची लेक. त्यांच्याकडं यंत्र नव्हतंच कधी. आयरा कुठून घेणार? उगाच कशाला."

"यंत्र नव्हतं, म्हणून जायचं नाही?"

"तू फार बोलतोस बाबा."

केसलरनं गाडी बंद केली. खाली ओढा खळखळत होता. बऱ्याच वेळानं डेल्फानं स्वतःच दार उघडलं, उतरली, आणि पुलावरून चालत निघाली. केसलरला मागून धावावं लागलं.

झोना प्रॅट ऐंशीची. ओसरीत बसून सफरचंदाच्या वाळवलेल्या फोडी निवडत होती. तिनं मान वर करून पाहिलं आणि हातातलं सूप बाजूला ठेवलं.

"आलीस? चव्वेचाळीस वर्षं लागली होय गं तुला एक ओढा ओलांडायला?"

डेल्फा पायरीपाशीच उभी राहिली. केसलरनं टोपी काढून सुरुवात केली, "बाई, आम्ही एक जुनी तबकडी..."

"तू कोण?"

"दूध तपासतो मी."

"मग दुधाचं बघ. मी हिच्याशी बोलतेय." झोनानं डेल्फाचा हात धरून तिला शेजारच्या खुर्चीत बसवलं. "बाबा वाट बघायचे गं तुझी. दर शनिवारी. म्हणायचे, पोरगी रुसली की लाजली तेच कळत नाही."

"लाजले," डेल्फा म्हणाली. "झोना, मी तुझ्या बाबांची घोडी सरळ वाजवली. त्या साहेबाच्या सांगण्यावरून. तबकडीवर."

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी सांगायला कशाला हवं? मीच वाजवली!"

"तबकडीवर काय आहे ते ऐकलंस का, असं विचारतेय मी."

"नाही."

"मग मीही नाही," झोना म्हणाली, आणि उठून आत गेली.

ती आली तेव्हा तिच्या हातात पिठाच्या पोत्याच्या फुलाफुलांच्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी सपाट होतं. केसलर उभा राहिला. त्याचे हात आपोआप पुढं आले आणि त्यानं ते स्वतःच मागं घेतले. कापडाचे चार पदर सुटले.

काळी, कोरी करकरीत तबकडी. लेबलाचा निळा रंग कालच छापल्यासारखा. "अडेल घोडी. कॉडिल बंधू."

"एकोणतीस साली बाबांनी टॅकेटच्या बापाच्या दुकानातून आणली," झोना म्हणाली. "आई म्हणाली, वेड लागलं का, आपल्याकडं यंत्र कुठाय? बाबा म्हणाले, माझ्या घोडीचं नाव छापलंय, यंत्र काय करायचंय? या भिंतीला खिळा मारून टांगली होती. मरेपर्यंत रोज सकाळी उतरवायचे, बाहीनं पुसायचे, पुन्हा टांगायचे."

"म्हणजे ही कधी..." केसलर तबकडीवर वाकला. "हिच्यावर सुई कधी टेकलीच नाही?"

"कशी टेकेल?"

केसलर गाडीकडं धावला. पुलावर त्याची टोपी उडून ओढ्यात पडली, त्यानं वळूनही पाहिलं नाही. गाडीच्या डिकीतलं यंत्र छातीशी धरून तो परत आला तेव्हा त्याला धाप लागली होती. झोनाच्या स्वयंपाकघरात टेबलावरचा केक बाजूला सारून यंत्र मांडलं, तार खोचली. नवी सुई त्याच्या हातून दोनदा निसटली तेव्हा डेल्फा म्हणाली, "दे इकडं. मी गेली साठ वर्षं खुंट्या पिळतेय." आणि तिनं सुई बसवली.

तबकडी फिरू लागली. बारीक सुरसुर, तव्यावर पाणी शिंपडल्यासारखी. आणि मग एकदम फिडल!

डेल्फानं टेबलाची कड धरली. ही मी? इतकी वेगात? घोडी उतारावरून सुटली होती, मागून ऑर्बिनचा बँजो टापांसारखा, एकही टाप चुकत नव्हती. पहिलं कडवं एकदा. पहिलं कडवं पुन्हा. झोनाची मान डोलत होती. केसलर यंत्राला कान लावून वाकला होता. दुसरं कडवं आलं, सूर वर चढले, आणखी वर, आता ओढा, आता काठ...

गज थांबला.

एक मात्रा. पूर्ण, भरलेली, अडेल एक मात्रा. आणि त्या मात्रेच्या पोकळीत, बँजोच्या मागून, एका तरण्याबांड पोराचा आवाज आला: "चल गं बये!"

आणि घोडी पाण्यात.

"ऑर्बिन!" डेल्फा किंचाळली. "झोना, आमचा ऑर्बिन! तो ओरडला! ऐकलंस का, तो ओरडला!" ती उभी राहिली, तिनं खुर्ची पाडली, दोन्ही हातांनी तोंड दाबलं आणि हाताआडून हसायलाही लागली आणि रडायलाही. तो ओरडल्याचं तिला मुळीच आठवत नव्हतं. एकतीस वर्षांत त्याचा आवाज कसा होता तेसुद्धा ती विसरून गेली होती; फोटो दोन होते, आवाज कुठं ठेवणार? आता तो दर कडव्याला येत होता. घोडी अडली की, "चल गं बये!" तिसऱ्या वेळी झोनाही ओरडली. चौथ्या वेळी तिघंही.

तबकडी संपली. सुई मधल्या गोलाकडं जाऊन खरखरत राहिली आणि ती उचलायची कुणाला आठवण राहिली नाही.

"पहिलीच!" केसलर म्हणत होता. "मावशी, त्यांनी पहिलीच छापली! साहेब काही म्हणो, न्यूयॉर्कला कुणाला तरी कान होते!"

डेल्फानं डोळे पुसले. मग तिची नजर भिंतीवरच्या फोनवर गेली, आणि केसलरच्या म्हणण्याप्रमाणं, त्या नजरेनं त्याला जरा भीतीच वाटली.

"झोना, तुमची लाइन अजून सामाईकच आहे ना?"

"आठ घरं आहेत गं. एक उचलला की सगळे उचलतात मेले."

"उचलू देत." तिनं फर्निचरच्या दुकानाचा नंबर फिरवला. "होबर्ट? डेल्फा बोलतेय. नाही, खुर्ची नकोय मला. गप्प बस आणि ऐक." आणि तिनं रिसिव्हर यंत्रापुढं धरला. केसलरनं सुई पुन्हा काठावर ठेवली.

तीन मिनिटं त्या स्वयंपाकघरात फक्त घोडी दौडत होती. पण लाइनवर एकेक टकटक होत होती; घराघरांत फोन उचलले जात होते. घोडी अडली तेव्हा तारेवर कुणीतरी "आई गं!" म्हणालं. पुढच्या वेळी लांबून कुणी म्हातारा खोकत म्हणाला, "हीच. आयराची हीच चाल. माझ्या लग्नात वाजवली होती त्यानं." शेवटी तारेतून टाळ्या आल्या, पत्र्यावर गारा पडल्यासारख्या.

डेल्फानं रिसिव्हर कानाला लावला. "होबर्ट, आहेस का?"

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग टॅकेट म्हणाला, "पुन्हा लावा."

पुन्हा लावली. संपल्यावर त्याचा आवाज माईकवरचा राहिला नव्हता. "मावशी, मी ती तबकडी कधी ऐकलीच नव्हती. आमच्या दुकानातल्या मी मोठा होईस्तोवर संपल्या होत्या. मी एका टेनेसीच्या वादकाकडून उचलली, रेडिओवरून, अर्धीमुर्धी. तबकडीचं नाव सांगितलं की लोक वाद घालत नाहीत, म्हणून सांगायचो."

"तीस वर्षं?"

"एकदा सांगितल्यावर मागं कसं जायचं, मावशी?"

डेल्फाच्या ओठांवर चार-पाच कडक शब्द तयार होते. पण हे मागं न जाता येण्याचं दुखणं तिच्या इतक्या ओळखीचं होतं की ते शब्द तिनं तसेच गिळले. "संध्याकाळी इकडं ये," ती म्हणाली. "फिडल घेऊन ये. शिकवते."

आणि तो आला! फिडल घेऊन, बायकोनं दिलेलं भोपळ्याचं गोड पक्वान्न घेऊन, आणि त्याच्यामागं लाइनवरच्या आठ घरांतली माणसं, पोराबाळांसकट. झोनाच्या ओसरीत उभं राहायला जागा उरली नाही. टॅकेटला ती मात्रा काही केल्या सापडेना. तीस वर्षांची सवय, गज थांबतच नव्हता. डेल्फानं त्याचं मनगट धरून अडवलं. "थांब! इथं! पाणी गार आहे, तुला नकोय आत जायला!" लोक हसून हसून वाकले. विसाव्या खेपेला घोडी अडली आणि अख्खी ओसरी ओरडली, "चल गं बये!"

केसलरनं झोनाला तबकडीसाठी काय हवं ते मागा म्हणून सांगितलं. झोनानं त्याला केकचा मोठा तुकडा दिला आणि तबकडी पुन्हा कापडात गुंडाळली. शेवटी एवढं ठरलं की दर महिन्याला त्यानं यावं, ऐकावी, आणि टेपवर उतरवून घ्यावी. पुढच्या उन्हाळ्यात जुन्या वादकांच्या एका लाँगप्ले रेकॉर्डवर ती धून निघाली. पाठीमागच्या मजकुरात छापलं होतं: फिडल, डेल्फा कॉडिल. बँजो आणि आवाज, ऑर्बिन कॉडिल. मूळ चाल, आयरा प्रॅट यांची. "आवाज" हा शब्द डेल्फानं हट्टानं घालायला लावला होता. त्याच रेकॉर्डवर दुसऱ्या बाजूला तिची नवी 'अडेल घोडी' आहे, शाळेच्या स्वयंपाकघरात टेपवर घेतलेली. ती पहिलीपेक्षा सावकाश आहे, आणि नीट ऐकलं तर मागं कुकरचं झाकण वाजतं.

सप्टेंबरात पुन्हा काकवीची जत्रा आली. टॅकेटनं तिला परीक्षक व्हा म्हणून गळ घातली. "परीक्षक वाजवू शकत नाहीत ना?" तिनं विचारलं. नाही म्हटल्यावर तिनं सरळ वादकांच्या यादीत नाव घातलं. नाचणाऱ्यांपैकी निम्मे ओढ्याशी अडखळले, निम्म्यांना आता जागा ठाऊक होती, आणि अडखळलेले इतरांच्या अंगावर आदळून जी धमाल उडाली ती पाहायला काहिलीवरची माणसंही ढवळणं सोडून आली. काकवी थोडी करपली.

डेल्फा तिसरी आली. टॅकेट घाबरत घाबरत तिच्याकडं बघत होता.

"असा काय बघतोस? बरोबर आहे निकाल," ती म्हणाली. "पुढचे दोघं चांगलेच होते."

पहिली आलेली पोरगी शेजारच्या जिल्ह्यातली होती, ग्लेना नावाची, कोळशाचा ट्रक चालवणारी, हाताला काळं लागलेलं तसंच. ती गर्दीत मिसळण्याआधी डेल्फानं तिला गाठलं.

"काय गं, ती दुसरी धून कुठली वाजवलीस? खालच्या तारेवरून सुरू होते ती?"

"ती होय? माझ्या मामाची आहे. तुम्हाला नसेल ठाऊक, मावशी."

"म्हणून तर विचारतेय." डेल्फानं काहिलीजवळची दोन खोकी पायानं ओढली, एकावर स्वतः बसली आणि अभ्र्यातून फिडल बाहेर काढलं. "बस इथं. आधी हळू वाजव, मग तुझ्या वेगात. आणि मी चुकले तर तोंडावर सांग."